आईचा पाय आणि माझे नॅनोकण

२ जानेवारी

आजपासून रोजनिशी. शास्त्रज्ञाने रोज लिहिलं पाहिजे. गेल्या वर्षीही सुरू केली होती, ती संक्रांतीच्या आधीच बंद पडली. त्याला कारणं होती.

परिस्थिती अशी. पीएच.डी.चं आठवं वर्ष. शेवटची मुदतवाढ एप्रिलअखेरपर्यंत, त्यानंतर नोंदणी रद्द. अंतरा मॅडमनी (माझ्या गाइड, वयाने माझ्याहून लहान, पण तो मुद्दा नाही) आज हे अगदी शांतपणे सांगितलं. करिश्माचं मत, एखादी बाई इतकं शांत बोलली म्हणजे तिने आशा सोडलेली असते. बायकोला रिसर्चमधलं कळत नाही. मला त्या शांतपणात विश्वास दिसला.

विषय सोपा आहे. खोबरेल तेलात एक स्निग्ध आम्ल असतं, ते जंतूंचं कवच फोडतं. अडचण एवढीच की ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते लिपिडच्या फुग्यात भरायचं. फुगा केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढा. तो जंतूला जाऊन चिकटणार, आम्ल आत सोडणार, जंतू खलास. अँटिबायोटिकचा जमाना संपला. जगाला अजून कळायचं आहे.

संकल्प: पाचला उठणे. कोपरीहून लवकर निघून शीळ फाट्याच्या ट्रॅफिकआधी डोंबिवलीची लॅब गाठणे. फोन बॅगेत. टपरीवरचा चहा बंद.

३ जानेवारी

आठला उठलो. गजर पाचला झालेला, पण डोक्यात प्रयोगाची आखणी चालू होती, ती मोडवेना. शीळ फाट्याला अडकलो. लॅबमध्ये पोचेपर्यंत मूड गेला. टपरीवर चहा घेतला, तोही एकच.

६ जानेवारी

बॅच झाली! दुधाळ, किंचित निळसर झाक, अगदी पेपरात लिहितात तशी. फ्रिजमध्ये ठेवली. मॅडमना फोटो पाठवला. अंगठा आला.

७ जानेवारी

कण रात्रीत एकमेकांना चिकटले. बाटलीच्या तळाशी साय. आमच्या भावकीत नाही एवढी एकी या कणांत आहे.

मॅडम म्हणाल्या, परत करा, आणि या वेळी सोबत रिकाम्या फुग्यांचीही एक बॅच करा, कंट्रोल म्हणून. जंतू औषधाने मरतात की नुसत्या फुग्याने, ते कळायला हवं. हो म्हणालो. पण रिकाम्या फुग्याने कोण मरतं? आधी खरं काम होऊ दे.

११ जानेवारी

आईच्या पायाला जखम आहे. आज कळलं. जांभळी नाक्यावरून घेतलेली नवी चप्पल दिवाळीत अंगठ्याजवळ चावलेली. तिने हळद लावून वर मोजा चढवला आणि कुणाला सांगितलं नाही. साखर आहे तिला. बोट सुजलंय, कडेला काळपट झालंय.

करिश्मा म्हणाली, उद्याच्या उद्या नौपाड्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं. मी तिला अँटिबायोटिकचा बेसुमार वापर या विषयावर थोडं समजावून सांगितलं. ती मध्येच उठून कुकर लावायला गेली.

आई म्हणाली, मना काय नाय झाला, टिटवाल्याचं लगीन होऊ दे मंग बघू. टिटवाळ्याला मामाच्या नातीचं, समृद्धीचं लग्न आहे एप्रिलमध्ये, आणि आई धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात हळद लागते ती धवलारणीच्या गाण्यावर. ती उभी राहून गाते, तिच्यामागे बाया धरतात, मग पुढचा विधी. कोपरीपासून टिटवाळ्यापर्यंत आईएवढे धवले, म्हणजे ही गाणी, आता कुणाला येत नाहीत. तिला दिवसभर उभं राहता आलं पाहिजे. पाय राहिला पाहिजे.

मला एकदम प्रकाश पडला. जखम घरात, औषध लॅबमध्ये, मध्ये फक्त शीळ फाटा.

१४ जानेवारी

संक्रांत. कणांचं जेल केलं. करिश्माच्या फेसक्रीमच्या रिकाम्या डब्या धुऊन, उकळून घेतल्या आणि भरल्या. प्रत्येकीवर बॅच नंबर. आईला तिळगूळ दिला आणि डब्या दिल्या. सकाळ-संध्याकाळ पातळ थर, असं सांगितलं. आईने दोन्ही हातांनी घेतल्या, कपाळाला लावल्या.

मॅडमना कळवलं नाही. मानवी चाचणीला परवानग्या लागतात. पण आई ही काही चाचणी नव्हे. आई घरची आहे.

१९ जानेवारी

विचारलं, कसं वाटतंय? आई म्हणाली, बरा वाटतं रं. थंड थंड वाटतं.

थंड! याला म्हणतात रिझल्ट. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. आई समोर बसून वाढत होती.

२७ जानेवारी

प्लेटवर काही नाही. नियम असा की प्लेटभर जंतू वाढवायचे, मध्ये आपलं औषध टाकायचं, भोवती मोकळं वर्तुळ पडलं की जंतू मेले. माझ्या औषधाभोवती जंतू जास्तच दाट वाढलेत. बहुतेक त्यांना तेल आवडलं.

मॅडमनी विचारलं, कंट्रोल? इन्क्युबेटरमध्ये जागा नव्हती असं सांगितलं. जागा होती.

४ फेब्रुवारी

वर्तुळ! मोठं, स्वच्छ, गोल! ओरडलो. लॅबमधल्या मुलींनी पेढे मागितले, ते आणलेसुद्धा. मी जरा हुशारीने या खेपेला बॅचमध्ये अल्कोहोल जास्त घेतलं होतं, कण चिकटू नयेत म्हणून. चिकटले नाहीत.

मॅडमनी प्लेट उजेडात धरली, पेढा खाल्ला आणि विचारलं, अल्कोहोल उडवलंत ना पूर्ण? म्हटलं, जवळजवळ.

६ फेब्रुवारी

मॅडमनी स्वतः नुसतं अल्कोहोल टाकून प्लेट लावली. तेवढंच वर्तुळ. खरं तर माझ्यापेक्षा कांकणभर मोठं.

मग त्यांनी पेढ्याचा रिकामा बॉक्स तेवढा टेबलावरून उचलून कचऱ्यात टाकला. घरी आलो, जेवलो नाही. आईने दोनदा हाक मारली.

७ फेब्रुवारी

पाय वाईट आहे. आज उघडून पाहिला. आई नको नको म्हणत होती. बोट जांभळं, आणि वास. अंगात कणकण. मी तिच्यासमोर हसत होतो. आई जायची नाही ना? बोट गेलं, मग पाय गेला, मग? नाही. असं लिहायचं नाही.

करिश्मा म्हणाली, अहो, तुम्हाला मॅडमना दाखवायला पाय हवाय की आईंना चालायला? मी म्हणालो चार दिवस दे, डोस डबल करतो. तिने माझ्याशी बोलणं बंद केलं.

रात्रभर डबल डोसचाच विचार. देवालाही सांगितलं. शास्त्रज्ञाने सांगू नये, पण सांगितलं.

८ फेब्रुवारी

लॅबला जाण्याआधी नव्या, दुप्पट ताकदीच्या डब्या दिल्या. आई म्हणाली, लावते रं पोरा, तू जा, तुना उशीर व्हतोय. तुजा तोंड कसा सुकलेला बघ.

संध्याकाळी आलो तर घर बंद. दोघी उशिरा रिक्षाने आल्या. करिश्मा म्हणाली, नौपाड्यात एक भजनी मंडळ आहे, आईंना बरं वाटावं म्हणून नेलं होतं. तिचं माझ्याशी बोलणं सुरू झालं, हा मोठाच दिलासा. आईचा चेहराही जरा हलका वाटला. भजनाची ताकद.

१२ फेब्रुवारी

दोघी रोज भजनाला जातात. नवल आहे. आईला पूर्वी भजनी मंडळांचा आवाज पातळ वाटायचा.

ताप उतरला!! डबल डोस!!

१७ फेब्रुवारी

वास गेला. सूज उतरते आहे. पट्टी काय सुंदर बांधते आई, पांढरी शुभ्र, कडा एका रेषेत, वर चिकटपट्टी. या वयात हाताला एवढी सफाई.

जेवणानंतर ती हल्ली गोळ्या घेते. विचारलं. म्हणाली, मंडलात परसादाबरोबर ताकदीच्या गोल्या देतात. समाजकार्य चांगलं चाललंय. त्यांना एकदा देणगी द्यावी म्हणतो.

दोन्ही वेळ जेवतो आहे. वजन वाढलं असावं, पँट सांगते.

३ मार्च

जखम भरते आहे. खालून गुलाबी कातडी. मी रोज फोटो काढतो, शेजारी मोजपट्टी ठेवून, शास्त्रशुद्ध. जगात नॅनोलिपिडने मधुमेही जखम बरी करणारा पहिला माणूस कोपरीत राहतो आणि रोज सकाळी पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडायला खाली जातो, हे कुणाला माहीत आहे?

प्लेटवर अजूनही काही नाही. पण प्लेट म्हणजे काचेची बशी. पाय म्हणजे पाय.

९ मार्च

परशुराम काकांना (वडिलांचे धाकटे भाऊ, रेती-सिमेंटचा धंदा, बॅनरचा शौक) आईचा पाय दाखवला आणि थोडक्यात विज्ञान सांगितलं. काकांनी पाय पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाले, म्हंजे तू डॉक्टर झालास. मी म्हणालो, अजून नाही, तोंडी परीक्षा व्हायची आहे. ते म्हणाले, बॅनरवं सगलेच भावी असतात.

११ मार्च

कोपरीच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. ‘आपल्या कोपरीचा अभिमान, नॅनो शास्त्रज्ञ डॉ. धनेश आनंदा भोईर यांचे हार्दिक अभिनंदन’. खाली शुभेच्छुकांचे डझनभर चेहरे, सगळ्यांचे गॉगल. मी काकांवर रागावलो. म्हणालो, हे बरोबर नाही, उतरवा. फार जोर लावला नाही. फोटो चांगला आलाय.

संध्याकाळी त्याच रस्त्याने पुन्हा एकदा चक्कर मारली. कोथिंबीर आणायची होती.

२० मार्च

मॅडमना विचारलं, शेवटचं प्रकरण पायावर लिहू का? त्यांनी विचारलं, कसला पाय? म्हटलं, सेमिनारला सांगतो. सरप्राइज.

शिरस्ता असा की थिसिस देण्याआधी समितीपुढे सेमिनार द्यायचा. समितीने मान डोलावली की थिसिस जाते. नाही डोलावली की आठ वर्षं जातात. अकरा एप्रिल ठरली आहे.

१० एप्रिल

स्लाइड तयार. आधीचं विज्ञान भरभर घ्यायचं, मग पाय. आधीचा पाय, नंतरचा पाय. मग थांबायचं. लोकांना टाळ्यांना वेळ द्यायचा.

आईचा आशीर्वाद घेतला. पाय धरताना बोट नीट पाहिलं. नखाजवळ एक छोटी पांढरी रेघ उरली आहे, बाकी काही नाही. डोळ्यांत पाणी आलं. मी काही वाईट मुलगा नाही.

११ एप्रिल

थांबलो. टाळ्या आल्या नाहीत.

बाहेरून आलेले परीक्षक, जाड चष्म्याचे, म्हणाले, हा कुणाचा पाय? म्हणालो, आईचा. परवानगी कुणाची घेतली? म्हणालो, आईची. मॅडम पंख्याकडे बघत होत्या. मग ते म्हणाले, बरं, कंट्रोल कुठला?

म्हणालो, दुसरा पाय.

ते म्हणाले, दुसऱ्या पायाला जखम होती का? नव्हती. मागच्या रांगेतून कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. मग म्हणाले, आईंना दुसरं कुठलं औषध चालू होतं? छातीवर हात ठेवून सांगितलं, एकही नाही, फक्त भजन. ते म्हणाले, किती जेल वापरलं तेही माहीत नाही तुम्हाला. निदान रिकाम्या डब्या तरी आणून दाखवा, वजन करून बघू. मग काय ते बोलू.

हे ते उपहासाने बोलले असं मॅडमचं मत. मला तसं वाटलं नाही. माणूस कडक आहे पण दार उघडं ठेवलं त्याने. मॅडम जिन्यात म्हणाल्या, धनेश, तो पाय गळला तर तुमच्या थिसिसमध्ये काही उरत नाही, हे तुम्हाला कळतंय ना? म्हटलं, म्हणून तर डब्या आणतो.

१२ एप्रिल

डब्या सापडत नाहीत. आई आणि करिश्मा टिटवाळ्याला गेल्या आहेत, लग्नघरी धवलारणीला आधीपासून राहावं लागतं. फोन केला. मागे ढोलकी, पापड, बायांचा गोंधळ. आईने विचारलं, जेवलास का? म्हटलं, आई, माझ्या औषधाच्या डब्या कुठे टाकल्यास? आई म्हणाली, ऱ्हाऊ दे ना आता, पाय बरा झाला ना. म्हटलं, आई, त्यावर माझं सगळं आहे. फोन करिश्माने घेतला आणि ‘रेंज नाहीये’ म्हणाली. रेंज चांगली होती.

टाकून दिल्या असतील तर मी संपलो. देवघर, माळा, शिलाई मशीन सगळं उपसलं.

१३ एप्रिल

सापडल्या.

तांदळाच्या पिंपात, अगदी तळाशी, आईच्या जुन्या लुगड्यात बांधलेल्या. सगळ्या. संक्रांतीच्या, फेब्रुवारीच्या, डबल डोसच्या. सगळ्या भरलेल्या. माझे बॅच नंबर जसेच्या तसे.

एकच उघडलेली. त्यात बोटाची खूण. देवघराच्या दाराची कडी करकरायची, ती हल्ली करकरत नाही, ते का ते आता कळलं.

त्याच लुगड्यात नौपाड्याच्या दवाखान्याच्या पिशव्या आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. भजनी मंडळाच्या.

बराच वेळ पिंपाशेजारी बसलो. तांदूळ परत भरले नाहीत.

१७ एप्रिल

हळद. टिटवाळ्याला गेलो. मुद्दाम भांडायला गेलो होतो, लिहून ठेवतो.

मांडवामागे आचाऱ्यांना ऊन लागू नये म्हणून काकांनी माझा फ्लेक्स बांधला आहे. उलटा. खाली भाताची पातेली. वाफेने माझ्या चेहऱ्यावर पाणी जमलं होतं.

आई मांडवात उभी. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, समृद्धीच्या डोक्यावर हात. गात होती. तिचा आवाज चढला की मागच्या बाया एकदम धरायच्या. सकाळपासून उभी आहे असं मामी म्हणाली, एकदाही खाली टेकली नाही. मी तिचा पाय बघत राहिलो. दोन्ही पायांवर सारखा भार.

मला रडू आलं. आनंदाने की कशाने ते कळलं नाही. दोन्ही होतं.

गाणं थांबल्यावर गाठली. म्हटलं, का? खोटं का बोललीस? आईने पदराने माझ्या गालावरची हळद पुसली, कुणी फासली होती कोण जाणे. म्हणाली, तू येवऱ्या मेनतीनं आणलंस. बरा नाय वाटत बोलले आस्ते त तू जेवला नस्तास. बरा हाय बोलले का दोन भाकऱ्या खायाचास.

मग म्हणाली, वास मातर चांगला हाय रं तुज्या औषधाला.

करिश्मा म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलेलं, अजून आठवडाभर थांबला असता तर बोट काढावं लागलं असतं. ती हे भांडायला म्हणाली नाही. हळूच म्हणाली. मी थांबलो असतो. हे मला ठाऊक आहे आणि इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितो, मी नक्की थांबलो असतो.

२१ एप्रिल

मॅडमना फोन करून सांगितलं. पायाचं प्रकरण गळणार. त्या म्हणाल्या, आई चालतायत ना? म्हटलं, नाचतायत. त्या म्हणाल्या, मग झालं तर. नोंदणीचं काय, ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. एप्रिलअखेर यायला अवकाश आहे अजून.

एक विचार आला. न उघडलेल्या डब्या म्हणजे एका अर्थी कंट्रोलच की. ज्याच्यासाठी मॅडम जानेवारीपासून मागे लागल्या होत्या, तो आईने घरातच करून ठेवला. पण हे समितीला कसं सांगायचं ते सुचलं नाही.

२२ एप्रिल

भूक नाही. कालपासून नाही. लॅबला गेलो नाही. शीळ फाटा रिकामा असेल आज, तरी.

दुपारी पलंगावर पडून होतो. आई ताट घेऊन आली. नको म्हणालो. तिने ताट ठेवलं, गेली आणि एक डबी घेऊन आली. माझ्यासमोर खाली बसली, पाय पुढे केला. जखम नाही, काही नाही, ती पांढरी रेघ तेवढी. डबी उघडली, बोटाने जेल घेतलं आणि त्या रेघेवर सावकाश चोळलं. पातळ थर, मी सांगितला होता तसा.

म्हणाली, हां. आता बरा वाटतं. जेव.

जेवलो. बॅच नंबर टिपून ठेवला आहे.